चर कुणाच्या दारात, गाडी कुणाच्या

लाइट रेल्वे सोलापूर जिल्ह्याला नवी नाही. आमच्याकडच्या जुन्या माणसांपुढं नुसतं 'बार्शी लाइट' म्हणा, पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागत नाही. १८६० मध्ये मुंबईकडून रेल्वे सोलापुरात आली खरी, पण येताना बार्शीला बाजूला ठेवून आली. बार्शीची पेठ कापसाची नि धान्याची, मोठी. आणि स्टेशन मात्र कुर्डुवाडीला. सगळा माल बैलगाडीनं तिथवर न्यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं तिथं अडीच फुटी रुळांची छोटी लाईन टाकायचं मनावर घेतलं आणि १८९७ मध्ये गाडी बार्शीला पोचली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा हिशेब. त्यामुळे रूळ हलके चालले आणि खर्च आवाक्यात राहिला. पुढं १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. माझे वडील आषाढीला याच गाडीनं पंढरपूरला जात. डब्यात जागा संपली की माणसं टपावर चढत, असं ते सांगायचे.

ती गाडी हळू होती, अडचणीची होती, आता तिच्या जागी ब्रॉडगेज आहे. मला त्या गाडीतली एकच गोष्ट फार मोलाची वाटते. मोठ्या लाईननं जे गाव सोडून दिलं होतं, तिथं ती गेली. कागदावर रेघ ओढणाऱ्यानं आधी बघितलं की माणसं कुठं आहेत आणि माल कुठं अडलाय.

हे सगळं डोक्यात यायचं कारण एक दुसरीच लाईन आहे, आणि ती फार लांबची आहे.

२०२२ च्या वसंतात लेकीच्या बाळंतपणासाठी मी स्कॉटलंडला गेले, एडिंबराला. ती लीथ भागात राहते. लीथ हे तिथलं जुनं बंदर. १९२० पर्यंत ते वेगळं गाव होतं, नंतर एडिंबरात घेतलं. गावातून बंदराकडे उतरणारा जो मोठा रस्ता आहे त्याला लीथ वॉक म्हणतात. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली दगडी इमारती, वर घरं, खाली दुकानं. किराणा, न्हावी, बेकरी, कपडे शिवून देणारा, मोबाईल दुरुस्तीवाला. जरा थंडी वजा केली तर आमच्याकडच्या पेठेत नि त्यात फार फरक वाटू नये असा रस्ता. त्या रस्त्याच्या मधोमध तेव्हा ट्रामचं काम चालू होतं.

मी रोज पिशवी घेऊन भाजीला बाहेर पडायची आणि कुंपणाशी थांबायची. खणलेला रस्ता सोलापूरच्या बाईला काय नवा? पण दुकानदाराची बायको आहे मी. माझी नजर पहिली चराकडे गेलीच नाही, ती दुकानांच्या दारांकडे गेली. दुकानासमोर पायवाट शाबूत होती. बाळाची ढकलगाडी सरळ जाईल एवढी रुंद आणि सपाट. कुंपणावर पाट्या होत्या, आतली दुकानं चालू आहेत म्हणून. धंदा मात्र बसलेला होता, हे सांगायला मला इंग्रजी यायची गरज नव्हती. एक पंजाबी काका किराणा चालवायचे, त्यांच्याशी हिंदीत बोलणं व्हायचं. ते म्हणाले, "बहनजी, दुसऱ्यांदा खणतायत. पहिल्या वेळी खणलं आणि गाडी आलीच नाही."

घरी येऊन लेकीला विचारलं. ती सांडपाण्याच्या लाईनींचं डिझाईन करते, या ट्रामच्या कामाशी तिचा संबंध नाही, पण जमिनीखालच्या गोष्टी तिच्या रोजच्या कामातल्या. तिनं मला बाळाला मांडीवर घेऊन सगळी कथा सांगितली. मी इथं ती सांगते, कारण आपल्या कुठल्याही शहरानं रस्त्यावरून रूळ न्यायचे ठरवले तर ही कथा आधी वाचावी असं मला मनापासून वाटतं.

एडिंबरात ट्राम पूर्वी होती, १९५६ मध्ये बंद केली. आपल्या मुंबईतली १९६४ मध्ये बंद झाली, तोच तो काळ. सगळ्यांना मोटार हवी होती. मग पन्नासेक वर्षांनी त्यांना वाटलं, पुन्हा आणावी. विमानतळापासून शहरातून लीथ वॉकनं खाली उतरून न्यूहेवन बंदरापर्यंत लाईन, असा बेत ठरला. २००७ मध्ये रस्त्याखालच्या पाईप आणि केबल हलवायला सुरुवात झाली. त्यात लीथ वॉकही खणला. आणि खाली भलतंच निघत गेलं. नकाशात नसलेल्या पाईप, बंद पडलेल्या केबल, जुन्या काळातली बांधकामं. काम लांबत गेलं, ठेकेदाराशी वाद पेटला, पैसे संपत आले. शेवटी ठरवलं की लाईन तोडायची. ती शहराच्या मध्यावर, यॉर्क प्लेस नावाच्या ठिकाणी थांबवली. ३७.५ कोटी पौंडांत पूर्ण लाईन व्हायची होती, ७७.६ कोटी पौंड खर्चून अर्धीमुर्धी झाली आणि मे २०१४ मध्ये सुरू झाली. त्यावर चौकशी बसली, तिचा अहवाल यायला २०२३ उजाडलं.

लीथच्या वाट्याला काय आलं? चर आला, धूळ आली, गिऱ्हाईक तुटलं, रस्ता पुन्हा बुजवला. गाडी आली नाही. विमानतळाला गाडी मिळाली.

हे ऐकून मी लेकीला विचारलं, तोडायचीच होती तर विमानतळाकडची बाजू का नाही तोडली? ती म्हणाली, "आई, डेपो तिकडे आहे ना. गाड्या रात्री ठेवायच्या, धुवायच्या, दुरुस्त करायच्या ती जागा विमानतळाच्या बाजूला, गोगरला. डेपोपासून तुटलेली लाईन चालवणार कशी?"

या एका वाक्यावर मी त्यानंतर किती विचार केलाय. लाईन कुणाच्या दारात जाणार हे भाषणात ठरत नाही, नकाशात डेपोचा चौकोन कुठल्या टोकाला काढला त्यावर ठरतं. पैसे कमी पडले की जे टोक डेपोपासून लांब, ते गळतं.

तर मी पाहत होते ते काम दुसऱ्या खेपेचं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेलं, मध्ये कोविडमुळे थांबलेलं, यॉर्क प्लेसपासून न्यूहेवनपर्यंत साधारण पावणेपाच किलोमीटरचं. या वेळी त्यांनी एक नियम केला होता: एका जागी एकदाच खणायचं. पाणी, गॅस, वीज, टेलिफोन, सांडपाणी, जे हलवायचं ते त्याच खेपेला, आणि त्याच खेपेला वर रूळ. पुन्हा तिथं कुदळ लावायची नाही. वाटेत एका चर्चच्या बाहेर खणताना जुनी दफनभूमी लागली, सन १३०० ते १६५० या काळातल्या साडेतीनशेहून अधिक माणसांचे सांगाडे. पुरातत्त्ववाल्यांनी ते एकेक करून काढले, आणि मग काम पुढं गेलं. जून २०२३ मध्ये गाडी न्यूहेवनला पोचली, २०.७ कोटी पौंडांत.

रुळांखालचं कशासाठी हलवावं लागतं, हेही मला तिथंच कळलं. बसच्या रस्त्याखाली पाईप फुटली तर बस शेजारच्या गल्लीतून नेता येते. रुळांवरची गाडी कुठून नेणार? म्हणून रुळांच्या खाली अशी कुठलीच वस्तू ठेवायची नाही की जिच्यासाठी उद्या खणावं लागेल. आधी काँक्रीटचा पाट टाकतात, त्यात खाचेचे रूळ बसवतात. रूळ रस्त्याच्या पातळीला येतात, वरून माणूस चालत जातो, सायकल जाते. मी कुंपणाशी उभी राहून रूळ बघायची तेव्हा त्यांना काळ्या रबराचं आवरण घातलेलं दिसायचं. मला वाटलं आवाज कमी व्हावा म्हणून असेल. तेवढंच नव्हतं. ट्रामला वरच्या तारेतून वीज मिळते, बऱ्याच ठिकाणी ७५० व्होल्ट, आणि ती परत जाते रुळांतून. रूळ उघडे ठेवले तर त्यातली थोडी वीज जमिनीत झिरपते आणि आसपासच्या लोखंडी पाईप कुरतडत राहते. दहा-वीस वर्षांनी पाईप चाळणी झालेली सापडते.

बिडाच्या जुन्या पाईपवर ज्या शहराचं पाणी येतं, त्या शहराला ही गोष्ट सांगायलाच हवी.

आता आमच्या रस्त्याकडे येते. आमचं दुकान चादरी-टॉवेलचं, अशोक चौकाच्या अलीकडे. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू. टॉवेल-टोपीचा आहेर डझनावारी जातो, मानाच्या चादरी जातात. आणि एका वर्षी नेमका त्याच दिवसांत दुकानासमोर चर खणला गेला. सांगितलं कुणीच नाही. सकाळी शटर वर केलं तर जेसीबी उभा. दोन माणसं फूटपाथची फरशी उचकटतायत. माझ्या यजमानांनी विचारलं, किती दिवस? तर, "होईल की ओ, दोन-चार दिवसांत." चर तसाच राहिला. आम्ही एक फळी आणून टाकली. म्हातारी माणसं फळीवरून यायला भ्यायची, मोटरसायकलवाला थांबायचाच नाही. पांढऱ्या टॉवेलच्या घडीच्या कडेला धूळ बसली की तो माल पहिल्या भावानं जात नाही. झटकला तरी कड मळकी दिसते. आहेराला मळका टॉवेल कोण देईल? मुरूम टाकून चर बुजवला तोवर मोठे मुहूर्त होऊन गेले होते. आणि पावसाळ्याआधी दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कामासाठी, तोच मुरूम उपसला.

त्या चराची एक आठवण मात्र मी जपून ठेवली आहे. जेसीबीचा दात एका ठिकाणी खाली जाणार, एवढ्यात रस्त्यापलीकडून एक म्हातारा हात हलवत धावत आला. आमच्या भागाचा जुना चावीवाला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा. रिटायर होऊन किती वर्षं झालेली. चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात चावीवाल्याला काय मान असतो हे बाहेरच्याला कळायचं नाही. "अरे थांब बे, इथं खाली व्हॉल्व्ह आहे. दोन हात तिकडं सरक." ड्रायव्हर ऐकेना. म्हाताऱ्यानं स्वतः खाली उतरून सळईनं टोचून दाखवलं. चार-पाच वेळा टोचल्यावर खण्ण आवाज आला. हातानं माती बाजूला केली तर गंजलेलं झाकण. त्या झाकणाची नोंद त्या दिवशी चराजवळ असलेल्या एकाही कागदावर नव्हती. ती होती त्या एका माणसाच्या डोक्यात.

लीथमध्ये मी पाहिलं की खणण्याआधी जमिनीवरून रडारची गाडी फिरवतात, जागोजाग लहान चाचणी-खड्डे घेऊन खाली खरंच काय आहे ते पाहतात, आणि मग नकाशा दुरुस्त करतात. आपल्याकडेही हे यंत्र मिळतं, माणसं शिकलेली आहेत. पण रडारच्या आधी मी काय करीन सांगू? शहरातले सगळे जुने चावीवाले, ड्रेनेजवाले, वायरमन एका सभागृहात बोलवीन, चहा देईन, आणि पेठेचा मोठा नकाशा टेबलावर पसरून म्हणीन, काका, खुणा करा. ही माणसं एकेक करून चालली आहेत. ती गेली की शहराच्या पोटाची माहिती गेली.

मी कुठल्या मंजूर योजनेबद्दल लिहीत नाही. सोलापुरात ट्राम यावी हे माझं स्वतःचं म्हणणं आहे, आणि कुठं यावी हेही माझ्या मनात पक्कं आहे. केंद्र सरकारनं २०१९ मध्येच मध्यम शहरांसाठी मेट्रोलाइटचे निकष काढलेत. रस्त्याच्या पातळीवर, वेगळ्या पट्ट्यातून धावणारी हलकी गाडी, गर्दीच्या तासाला एका दिशेनं १५,००० पर्यंत प्रवासी असतील अशा मार्गांसाठी. आपलं शहर २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ लोकांचं होतं. विषय निघाला की चर्चा होते स्टेशन, पार्क चौक, सात रस्ता, विजापूर रोड या बाजूची. तिकडे नव्या इमारती आहेत, दवाखाने आहेत, बोलणारी माणसं आहेत. माझं बोट जातं नेमकं उलट्या बाजूला, अक्कलकोट रोडवर, कुंभारीला.

कुंभारीला काय आहे? २००६ मध्ये तिथं विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. त्याच गावच्या माळावर रे नगर, ३०,००० घरांची योजना. विडी कामगार, यंत्रमागवाले, कचरा वेचणाऱ्या, शिलाईवाल्या अशा असंघटित कामगारांसाठी. त्यातल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. दोन्ही मिळून ४०,००० घरं. घरटी चार माणसं धरली तरी एक लाख साठ हजार. जिल्ह्यातल्या कित्येक तालुक्यांच्या गावांपेक्षा मोठं गाव माळावर वसतंय, आणि त्या गावाचं काम, दवाखाना, बाजार, कॉलेज सगळं अजून सोलापुरात.

घर मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे. साखर पेठेत, भवानी पेठेत एका खोलीत तीन पिढ्या राहिलेल्या बायकांना मी ओळखते. स्वतःच्या नावाचं दार उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलंय. पण विड्या घरी वळल्या तरी कारखान्यात जमा कराव्या लागतात, पान-तंबाखू आणावी लागते. आमच्या दुकानात येणारी एक अक्का, तेलुगू पद्मशाली, कुंभारीहून येते. तिचा हिशेब साधा आहे: दिवसभर मान मोडून वळलेल्या विड्यांचे जे पैसे येतात त्यातला कितवा हिस्सा शेअर रिक्षाला जातो. सिटी बस वेळेवर आली तर वाचतात. नाही आली तर रिक्षात चौघींच्या जागी सहाजणी, मांडीवर टोपली. "घर बी पायजे वहिनी, पन घराला रस्ता बी पायजे," ती म्हणते.

कुंभारीहून निघून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीवरून अशोक चौक, पुढं पेठांच्या कडेनं स्टेशनपर्यंत. ही माझी लाईन. वाटेत यंत्रमागाचे कारखाने, पाळीवर येणारे-जाणारे कामगार, विडी कारखाने, बाजार. आणि वाटेत आमचंही दुकान. चर खणला जाईल तो माझ्याच दारात खणला जाईल, हे मला ठाऊक आहे.

आमच्या लाईनीतले दुकानदार म्हणतात, बस वाढवा की, रूळ कशाला? त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. उद्या सकाळी या बायकांना जे हवंय ते बसच देऊ शकते, आणि ती लगेच द्यायला हवी. पण बसची फेरी कमी करायला कुणाला काही करावं लागत नाही. एक गाडी दुरुस्तीला गेली, दुसरी स्पेअर पार्टसाठी थांबली, वेळापत्रक विरळ होत गेलं, आणि एक दिवस त्या मार्गावर बस होती हेच लोक विसरले. रूळ असे गुपचूप नाहीसे होत नाहीत. मुंबईतले काढले, एडिंबरातले काढले, हो; पण काढायला ठराव करावा लागला, रस्ता उखडावा लागला, लोकांच्या डोळ्यांसमोर. माळावर घर घेणारी बाई वीस वर्षांचा विचार करून घेते. तिच्या दारातली वाहतूकही तेवढ्याच मुदतीची हवी.

पार्किंग जाईल, हा दुसरा आक्षेप. जाईल. आमच्याकडे गठ्ठ्यांचा टेम्पो येतो, तो कुठं लावायचा हा प्रश्न खरा आहे आणि त्याला पहाटेची ठरावीक वेळ बांधून द्यावी लागेल. पण फूटपाथवर बसणाऱ्या भाजीवाल्या, बांगड्यावाल्या, पायताणं शिवणारा, यांचं काय, हे विचारताना मला कुणी दिसत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. काम सुरू होण्याआधी त्यांची यादी झाली पाहिजे, काम चालू असताना बसायची जागा ठरली पाहिजे, आणि गाडी सुरू झाली की थांब्यालगतची पहिली जागा त्यांची. थांब्यावर उतरणारी बाई आधी भाजी घेते, मग आमच्याकडे टॉवेल बघायला येते. त्यांचा धंदा टिकला तर आमचा टिकतो.

आणि एक गोष्ट आहे जिच्यावर सोलापूरकर तडजोड करणार नाही, करूही नये. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या काठ्या निघतात. सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले भक्त, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणत सगळं शहर रस्त्यावर. त्या उंच काठ्या पेलत चालायचं तर वर तार चालत नाही. आत्ताच विजेच्या तारा येतात तिथं सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. ट्रामची तार साधारण सहा मीटरवर, रस्त्याच्या मधोमध. मग? फ्रान्समधल्या नीस शहरात मोठा कार्निव्हल भरतो, मासेना चौकात. २००७ मध्ये तिथं ट्राम आली तेव्हा त्या चौकावर त्यांनी तारच टाकली नाही. गाडी चौकाच्या कडेला आली की तार सोडते, बॅटरीवर चौक पार करते आणि पलीकडे पुन्हा तार धरते. बोर्डोमध्ये २००३ पासून शहराच्या जुन्या भागात तारेऐवजी रुळांच्या मधल्या पट्टीतून वीज घेतात, आणि पट्टीचा जेवढा तुकडा गाडीखाली असतो तेवढाच चालू असतो. काठ्यांची वाट जिथं जिथं आमच्या लाईनीला छेदते तिथं तिथं तार नाही, हे पहिल्या आराखड्यात, पहिल्या पानावर लिहिलेलं असलं पाहिजे. इंजिनिअरनं आराखडा काढण्याआधी एकदा संक्रांतीला इथं यावं आणि काठ्यांबरोबर पायी चालावं. त्याला रस्त्याची रुंदीही कळेल आणि शहरही.

उद्या कधी या रस्त्यासाठी जनसुनावणी झाली तर मी जाणार आहे. आमच्या ह्यांना म्हणून ठेवलंय, त्या दिवशी दुकान तुम्ही बघा. मी दोनच गोष्टी मागणार. रस्त्याखालचा नकाशा आधी तयार करा आणि तो अशोक चौकात मोठा करून लावा, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या कुणालाही सांगता येईल की इथं चुकलंय. मग एकदाच खणा, तारीख सांगून खणा, तुळशीचं लग्न ते वैशाख सोडून खणा, आणि चर चालू असेल तेवढ्या महिन्यांचा दुकानांचा कर माफ करा.

दुसरी मागणी डेपोची. गाड्यांचा डेपो कुंभारीला करा. जागा तिथं आहे, माळ मोकळा आहे. काम तिकडून सुरू करा आणि शहराकडे या. पैसे पुरले तर स्टेशनपर्यंत या. मध्येच संपले तर अशोक चौकापर्यंत या. तिथून पुढं आम्ही पेठेतली माणसं चालत जाऊ. तेही नाही जमलं आणि गाडी एमआयडीसीपाशीच थांबली, तरी कुंभारीची अक्का निम्म्या वाटेवर आलेली असेल.